विश्वासाच्या वाटेने आलेले व्यसन

व्यसनाचा विचार करताना आपण बहुधा मोहापासून आरंभ करतो. इंद्रियांना सुखाची चटक लागते, संगत बिघडते, संयम सुटतो आणि माणूस घसरत जातो, ही मांडणी आपल्या मनात पक्की बसली आहे. पण सज्जनहो, अमेरिकेतील अ‍ॅपलाचियन डोंगररांगांत, वेस्ट व्हर्जिनिया आणि पूर्व केंटकीच्या कोळसाखाणींच्या खोऱ्यांत, गेल्या तीसेक वर्षांत जे घडले ते या मांडणीत मावत नाही. उभे आयुष्य खाणीत वाकून पाठ गमावलेला, रविवार न चुकवता चर्चला जाणारा, डॉक्टरांचा शब्द खाली पडू न देणारा वृद्ध तिथे अफूजन्य वेदनाशामकांच्या अधीन झाला, तो सुखाच्या शोधात नव्हे. दर बारा तासांनी एक गोळी घ्या असे सांगितले गेले म्हणून, घड्याळाकडे पाहून, आज्ञाधारकपणे ती घेता घेता झाला. त्याच्या दुःखाचे मूळ खणत गेले तर हाती मोह लागत नाही, विश्वास लागतो. आणि विश्वासासारख्या सद्‌गुणाच्या वाटेने हे संकट घरात कसे शिरले, ते आपण सावकाश पाहू.

विश्वास ठेवणे म्हणजे आपले पाहणे दुसऱ्याच्या डोळ्यांवर सोपवणे. त्या वृद्धाने ते डॉक्टरांवर सोपवले, डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकांवर आणि औषध कंपनीच्या प्रतिनिधींवर सोपवले. 1980 च्या जानेवारीत ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचे जेमतेम पाच वाक्यांचे पत्र छापून आले, त्यात एवढेच होते की रुग्णालयात अशी औषधे दिलेल्या 11,882 रुग्णांपैकी, पूर्वी व्यसन नसताना ते नव्याने जडल्याची नोंद चौघांचीच सापडली. रुग्णालयाबाहेर, घरी बसून महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांविषयी त्यात अक्षरही नव्हते. तरी पुढे शेकडो लेखांनी त्या पत्राचा हवाला दिला, आणि ही औषधे निर्धोक आहेत असा समज त्यातून रूढ झाला. 1996 मध्ये पर्ड्यू फार्मा कंपनीचे ऑक्सिकॉन्टिन हे अफूजन्य वेदनाशामक बाजारात आले. त्यातले औषध शरीरात सावकाश उतरते, म्हणून त्याच्या व्यसनाची भीती कमी, असे डॉक्टरांच्या मनावर बिंबवले गेले. 2007 मध्ये त्याच समूहातील कंपनीने दिशाभूल केल्याचा गुन्हा न्यायालयात कबूलही केला, पण तोवर गोळी घरोघरी पोहोचली होती. ज्याने त्याने आपल्या आधीच्याचा शब्द प्रमाण मानला, मूळ पत्र उघडून वाचले ते फारच थोड्यांनी. आणि या साखळीत ज्याला पडताळून पाहण्याचे काहीच साधन नव्हते, त्या शेवटच्या माणसाने सगळी किंमत मोजली. त्याच्या विश्वासात खोट नव्हती. ज्यांनी तो स्वीकारला, त्यांनी त्याचे ऋण ओळखले नाही.

आता विश्वासाचा आणखी एक पदर पाहू, कारण इथे तो झाकणाचे काम करतो. वार्धक्यात मूत्रपिंडे मंदावतात, औषध शरीरात रेंगाळते, तरुणाला सोसणारी मात्रा वृद्धाला भारी पडते. सोबत झोपेची गोळी असेल तर श्वासच मंदावण्याचा धोका वाढतो. मग रात्री उठताना तोल जातो, खुब्याचे हाड मोडते, पोट साफ होत नाही, दिवसा ग्लानी येते, नावे आठवत नाहीत. आणि यातले एकेक लक्षण वयाच्या खात्यावर सहज मांडता येते. मुलांचा आईवर इतका विश्वास असतो की तिच्याबाबतीत व्यसन हा शब्द त्यांच्या मनालाही शिवत नाही, डॉक्टरही तो प्रश्न विचारायला संकोचतात, आणि तिला स्वतःला तर वाटते की आपण दिलेले औषध घेत आहोत, यात सांगण्यासारखे काय आहे? इथे एक भेद जपायला हवा. दीर्घ काळ घेतलेल्या औषधाला शरीर सरावते आणि ते बंद होताच तळमळते, हे अवलंबन झाले. हानी दिसत असूनही मन त्याच्याच मागे धावते, ते व्यसन. पहिले दिसताच दुसऱ्याचा शिक्का मारणे हा त्या वृद्धावर मोठाच अन्याय आहे.

घरातल्या विश्वासाचे काय झाले, हे लिहिताना मन जड होते. ज्या घरात मुलगा किंवा सून या व्यसनात मृत्यू पावली, तुरुंगात गेली किंवा जिवंत असूनही परागंदा झाली, तिथे नातवंडे आजी-आजोबांच्या पदरी आली. अशी कुटुंबे इतकी झाली की 2018 मध्ये नातवंडे वाढवणाऱ्या आजी-आजोबांच्या साहाय्यासाठी अमेरिकेच्या संसदेला स्वतंत्र कायदा करावा लागला. सांधे दुखत असताना पुन्हा शाळेच्या वेळा सांभाळायच्या, आणि पोटच्या मुलापासून आपल्या औषधांच्या कपाटाची किल्ली लपवायची. त्या आजीला आपल्याच मुलाकडे संशयाने पाहणे शिकावे लागले. या वयात याहून कठीण विद्या कोणती असेल?

मग लाट उलटली. 2016 मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेने ही औषधे लिहून देण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या सावधगिरीसाठी होत्या. पण अनेक ठिकाणी त्यांचा अर्थ असा लावला गेला की वर्षानुवर्षे गोळ्या घेणाऱ्या वृद्धांचे औषध एकाएकी तोडण्यात आले. अशा तोडण्याने यातना, निराशा, आत्महत्येचे विचार ओढवतात, असा इशारा 2019 मध्ये तिथल्या औषध प्रशासनाला द्यावा लागला. आंधळ्या विश्वासाची जागा आंधळ्या संशयाने घेतली, आणि दोन्ही वेळा त्या माणसाला कुठे आणि किती दुखते हे विचारायचे राहूनच गेले. आपल्याकडे तर संशय आधीपासूनच होता: 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्याने मॉर्फिन या अफूजन्य वेदनाशामकाभोवती परवान्यांचे इतके कुंपण घातले की कर्करोगाने तळमळणाऱ्यांपर्यंत ते पोहोचणे दुष्कर झाले, 2014 च्या दुरुस्तीने ते काहीसे सैल झाले. मॉर्फिन हे योग्य हाती करुणेचेच रूप आहे, हे या विषयाच्या भरात विसरता कामा नये.

विश्वास पुन्हा उभा राहतो तो धीमेपणाने. व्यसनावर मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही उपयुक्त औषधे आहेत, पण वृद्धांच्या मेडिकेअर या सरकारी विम्यात मेथाडोनच्या उपचारकेंद्रांचा खर्च समाविष्ट व्हायला 1 जानेवारी 2020 उजाडावे लागले. धर्मशील वृद्धाला तर लाज अधिक छळते. प्रार्थनेला बसलेला मनुष्य आपल्या देवापासूनही ही गोष्ट लपवू पाहतो, आणि ज्याला सर्व ठाऊक आहे त्याच्यापुढे लपवण्याचे ओझे कशासाठी, हे त्याला प्रेमाने सांगणारे कोणीतरी लागते. सीडीसीच्या 2022 च्या सुधारित सूचनांतही हा धीमेपणा आहे: वर्षाहून अधिक काळ औषध घेणाऱ्याची मात्रा कमी करायची, तर महिन्याला दहा टक्के किंवा त्याहूनही सावकाश करावी, त्याच्याशी बोलून ठरवावी, सोसवेना तर मध्ये थांबावे, आणि तो सज्ज झाला की थांबलो तिथून पुढे जावे, दरम्यान श्वास मंदावल्यास वापरायचे नॅलॉक्सोन घरात असावे आणि ते कसे द्यायचे हे सोबत राहणाऱ्या माणसाला शिकवून ठेवावे.