शपथ भोवते कुणाला?

असगर फरहादी यांनी स्वतः निर्मिलेल्या ‘अ सेपरेशन’ (2011) या इराणी चित्रपटाच्या मूळ फारसी नावातच ‘जुदाई’ आहे, नादेरची सीमीनपासून. लक्षातही तीच राहते: सीमीनला मुलीला घेऊन देश सोडायचा आहे, त्याला स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांना टाकून जायचं नाही. पण या भांडणाआड एक जुना धार्मिक प्रश्न दडलेला आहे, खोट्याचं पाप लागतं कुणाला? तो समजायचा तर म्हाताऱ्याच्या देखभालीला ठेवलेल्या राझियेकडे पाहावं लागतं. परक्या पुरुषाचे घाण झालेले कपडे बदलणं पाप ठरेल का, हे ती आधी फोन करून विचारून घेते. शिकलेल्या प्रेक्षकाला इथे हसू येतं, आणि फरहादी ते येऊ देतात. पुढे तिचा गर्भ पडतो; नादेरनं ढकलल्यामुळे, असा आरोप होतो. भरपाईची रक्कम ठरते, चेक लिहून तयार असतात, तिच्या नवऱ्याचे सावकार समोर बसलेले असतात. नादेर एकच अट घालतो: कुराणावर हात ठेवून सांग. ती कच खाते. नादेरनं ढकलण्याच्या आदल्या दिवशी तिला मोटारीची धडक बसलेली असते, त्यामुळे गर्भ नेमका कशानं गेला याची तिलाच खात्री नाही. नवरा पाप आपल्या माथी घ्यायला तयार होतो, तरी ती शपथ घेत नाही. खोटी शपथ लेकीला भोवेल, हे तिचं भय.

कान्टचा वाचक म्हणेल, भयापोटी टाळलेल्या खोट्याला नैतिक मोल कसलं? आपल्याकडेही पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावतात, आणि खोट्या शपथेनं कुणाचं पोर आजारी पडत नाही, हे सुधारकांचं म्हणणं रास्तच आहे. मात्र आता नादेरच्या घरात पाहा. तिथे असलं भय नाही. राझिये गरोदर असल्याचं ठाऊक असूनही त्यानं ते न्यायाधीशापुढे नाकारलेलं असतं. त्याच्या 11 वर्षांच्या मुलीला, तेर्मेला ते उमगतं, तेव्हा तो तिला म्हणतो की तू म्हणशील तर जाऊन कबूल करतो. दिसायला हा प्रामाणिकपणा. प्रत्यक्षात बापानं आपलं ओझं पोरीच्या खांद्यावर ठेवलेलं असतं. मग तीच न्यायाधीशापुढे खोटं बोलते. खोटं बापाचं, भोवलं लेकीला. राझिये कारण चुकीचं सांगत असेल, परिणाम तिनं अचूक ओळखला आहे.

खरं सांगून नादेर तुरुंगात गेला असता तर म्हातारा आणि मुलगी कुणाच्या भरवशावर राहिली असती, हा आक्षेप पोकळ नाही. फरहादीही तो झटकत नाहीत. पण राझियेकडे याहून मोठी सबब होती: दारात सावकार, घरात बेकार नवरा. तरी तिनं हाती येणारा पैसा सोडला. आणि नादेर सुटला तो स्वतःच्या खरेपणावर नव्हे, तिच्या श्रद्धेच्या तारणावर. ही बाई कुराणावर खोटं बोलणार नाही याची त्याला बरीच खात्री असावी. शेवटी कोर्टात तेर्मेला विचारतात, आईकडे की वडिलांकडे? ठरलंय, असं ती सांगते. आईवडिलांना बाहेर काढलं जातं. मार्गिकेत काचेच्या अल्याडपल्याड दोघं थांबून राहतात आणि पडद्यावर नावं येऊ लागतात.