वेचणीच्या दिवसांतली संध्याकाळ

कापूस वेचणीला आला की आमच्या यवतमाळकडच्या गावांत संध्याकाळी साडेपाच ते साडेसात या वेळात घरी मोठं माणूस सापडत नाही. आईची वेचणी संपलेली असते, पण कापूस अजून काट्यावर चढायचा असतो. बाप गाठोडी बंडीत भरत असतो. शाळेतून आलेलं लेकरू दप्तर ओट्यावर टाकतं, दुपारची उरलेली भाकर खातं, धाकट्याला कडेवर घेतं आणि रस्त्याकडे बघत बसतं. घरात मोबाईल असला तर मोबाईल बघतं.

शिकवणी सुरू करू पाहणारी तरुण मुलं-मुली माझ्याकडे सल्ल्याला येतात. त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. कोणता वर्ग घेऊ, फी किती ठेवू, बसस्टँडजवळ खोली मिळेल का. मी त्यांना म्हणते, आधी हे दोन तास बघून या. बसस्टँडजवळच्या खोलीत जी मुलं येतील त्यांना घरून सोडायला कुणीतरी आहे. ज्यांना सोडायला कुणी नाही, त्यांच्यासाठी शिकवणी हवी आहे.

पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने नोव्हेंबर 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव करून 18 वर्षांखालच्या मुलांना मोबाईल वापरायला बंदी केली. बातमी सगळीकडे गाजली. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने दुसरी वाट धरली. तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, दीड तास गावातले टीव्ही-मोबाईल बंद होतात आणि मुलं अभ्यासाला बसतात. दोन्ही गावांना मी मनापासून मानते, कारण मुलांची संध्याकाळ ही गावाची जबाबदारी आहे हे त्यांनी ओळखलं. पण पुस्तक उघडून बसलेल्या मुलाला त्यातलं वाचताच येत नसेल, तर त्या दीड तासात त्याने काय करायचं? भोंगा त्याला बसवू शकतो. पुढे त्याच्याजवळ कुणीतरी माणूस बसायला हवं.

हे मला एका सहावीतल्या मुलीने शिकवलं. सरकारी शाळेत नोकरीवर असताना शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही; शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 28 ने ती बंद केली आहे आणि ते योग्यच आहे. म्हणून निवृत्त झाल्यावरच मी समाजमंदिरात दरी टाकून वर्ग सुरू केला. या मुलीच्या वहीत 52 वजा 27 बरोबर 35 असं लिहिलेलं होतं. दोनातून सात जात नाहीत, म्हणून तिने सातातून दोन काढले होते. अशी पाच उदाहरणं, पाचही त्याच पद्धतीने चुकलेली. म्हणजे तिच्याजवळ नियम होता, नियमच चुकीचा होता. मी वही मिटली आणि विचारलं, "काल तुझ्या आईने आणि मावशीने मिळून बावन्न किलो वेचला. त्यात आईचा सत्तावीस. मावशीचा किती?"

"पंचवीस न, बाई."

एक क्षणही गेला नाही. मी वही पुन्हा उघडून तिच्यासमोर ठेवली. ती बराच वेळ त्या 35 कडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "हे तेच आहे का?"

अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारांत भाजी-फळं विकणाऱ्या मुलांवर केलेला अभ्यास 2025 मध्ये 'नेचर'मध्ये आला. गिऱ्हाइकाचा किचकट हिशेब तोंडी करणारी मुलं कागदावरच्या साध्या गणिताला अडतात, आणि शाळेत गणित शिकणाऱ्या मुलांना बाजारातला हिशेब जमत नाही, असं त्यांना आढळलं. वाचताना मला ती मुलगी आठवली. तिच्या डोक्यात गणित होतं, वहीतही गणित होतं, मधली वाट कुणी दाखवली नव्हती. आम्ही आगकाड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधल्या. पाच जुड्या आणि दोन सुट्या. सत्तावीस काढायच्या तर एक जुडी सोडावी लागते. ती जुडी तिने स्वतःच्या हाताने सोडली. तीन संध्याकाळी एवढंच केलं. सहावीच्या पुस्तकाला हात लावला नाही.

शिकवणीबद्दल माझं म्हणणं एवढंच आहे. ती शाळेची दुसरी पाळी होऊ नये. दिवसा जो धडा डोक्यावरून गेला तोच संध्याकाळी पुन्हा, तेवढ्याच वेगाने, फी घेऊन शिकवायचा, याला मी शिकवणी म्हणत नाही. मूल जिथे अडलं तिथवर मागे जायचं, मग तो दुसरीचा धडा का असेना. शाळेतल्या शिक्षकाला ते करता येत नाही, कारण अभ्यासक्रम त्याच्या मागे लागलेला असतो. संध्याकाळच्या बाईच्या मागे काही लागलेलं नसतं. तिचं खरं बळ हेच.

मुंबईत 1990 च्या दशकात सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेने बालसखी नावाने हेच केलं होतं. वस्तीतलीच एक शिकलेली मुलगी, मागे पडलेली पंधरा-वीस मुलं, रोज दोन तास, फक्त वाचन आणि बेरीज-वजाबाकी. मुंबई आणि वडोदऱ्यात त्याची काटेकोर पाहणी झाली आणि मुलं पुढे गेलेली दिसली. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासोबत 2019 चं नोबेल मिळालं, त्यामागे अशाच पाहण्या आहेत. तरी 'असर' या शिक्षण-पाहणीच्या 2022 च्या अहवालात देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी 42.8 टक्केच निघाली. 2018 मध्ये ती 50.5 टक्के होती. मधली दोन वर्षं करोनाने खाल्ली हे खरं. पण त्याच काळात पैसे देऊन शिकवणीला जाणारी मुलं 26.4 वरून 30.5 टक्क्यांवर गेली. म्हणून शिकवण्या वाढल्या एवढ्याने मला आनंद होत नाही. त्यांत काय चालतं ते बघावं लागतं.

माझी पहिल्या वर्षाची चूकही सांगते. मी शिष्यवृत्तीच्या तयारीचा वर्ग म्हणून सुरुवात केली. पाचवी-आठवीची हुशार मुलं आली. वाचता न येणारी चार-पाच मुलं पहिल्या आठवड्यात दाराशी येऊन उभी राहायची, मग येईनाशी झाली. उत्तर प्रदेशात जौनपूरला गावातल्या स्वयंसेवकांनी शाळेबाहेर वाचनवर्ग घेतले तेव्हाही असंच घडलं होतं. जी मुलं आली ती वाचायला लागली, पण आली फारच थोडी. परीक्षांना माझा विरोध नाही. आठवीतली एनएमएमएस परीक्षा पास होऊन यादीत आलेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात ती रक्कम मोठी आहे. तिची तयारी जरूर करून घ्यावी. पण दारावर पाटी परीक्षेची लागली की ज्याला अक्षर येत नाही ते पोर उंबरा ओलांडत नाही.

पाटीइतकीच जागाही महत्त्वाची. ती जवळ हवी. झरी-जामणी, मारेगाव, केळापूरकडे कोलामांची वस्ती मुख्य गावापासून दूर पोडावर असते. पुसद-दिग्रसकडे बंजारा तांडे. अंधार पडल्यावर सात-आठ वर्षांचं लेकरू दुसऱ्या गावाला शिकवणीला जाणार नाही. पोडावरच्या मुलाची घरची भाषा कोलामी, ती तेलुगू-गोंडीच्या कुळातली. मराठी त्याला शाळेत भेटते. त्याला वाचायला बसवणारी बारावी झालेली मुलगी त्याच पोडावरची असली, तर अडलेला शब्द ती त्याच्या भाषेत सांगते. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीपेक्षा तिचं ते एक वाक्य जास्त कामाचं.

फीबद्दल. दरमहा फी हा पगारदारांचा हिशेब आहे. इथे हातात पैसा येतो तो कापूस विकल्यावर. मी फी तेव्हाच घेते, आणि कुणी तुरीची डाळ आणून दिली तर तीही. त्यातूनच वर्गात मला मदत करणाऱ्या मुलीचं मानधन निघतं. वीसपेक्षा जास्त मुलं घेत नाही. केंद्र सरकारने जानेवारी 2024 मध्ये कोचिंग क्लासेससाठी जी मार्गदर्शक तत्त्वं आणली, ती 50 हून अधिक विद्यार्थ्यांच्या केंद्रांसाठी आहेत. आमचा वर्ग त्यात बसत नाही. विसांमध्ये कोण आज आलं नाही हे हजेरी न घेता कळतं, आणि न आलेल्याच्या घरी जाता येतं. हे घरी जाणं मी शिकवण्याइतकंच महत्त्वाचं मानते.

जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1855 मध्ये पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. राबणाऱ्या माणसाला जी वेळ मोकळी, ती शाळेची वेळ. आम्हीही वर्ग घड्याळ बघून सोडत नाही. शेवटच्या मुलाची आई येईपर्यंत दिवा चालू असतो. लाईन गेली तर बॅटरीवरचा.

त्या मुलीची आई बहुतेक शेवटी यायची. कमरेला वेचणीची ओटी तशीच बांधलेली, पदराला कापसाचे पुंजके. एकदा ती दाराशीच उभी राहिली आणि लेकीने वही पुढे केली. तारीख, आईचे किलो, भाव, उचल, बाकी असे चार दिवसांचे हिशेब रकाने पाडून लिहिले होते. आईने वही हातात घेतली नाही. हात कापसाने भरलेत म्हणाली. मग ओटी सोडून हात पुसले आणि विचारलं, "सोमवारचं कुठं लिवलं?"

मुलीने बोट ठेवून दाखवलं.