जमा आणि नावे

भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो, असं आमच्या घरात तीन पिढ्या मानत आले आहेत. अंगानं काळा, पंख विटकरी आणि डोळे लालभडक. रात्रभर जागून ताळेबंद जुळवणाऱ्या माणसाचे असावेत तसे. चाल मात्र शाखा तपासायला आलेल्या साहेबाची. या शुभ पक्ष्याच्या आहाराची चौकशी शकुन सांगणाऱ्यांनी कधी केलेली दिसत नाही. किडे, सरडे, लहानसहान साप, इथपर्यंत ठीक आहे. पण दुसऱ्या पक्ष्यांची अंडी आणि पिल्लंही तो खातो. म्हणजे आमच्या मातोश्री ज्याला बघून हात जोडतात, त्याला बघून बुलबुलाच्या मातोश्री काय करत असतील? शुभ खरं, पण कुणाच्या खात्यावर?

मी पडलो बी. कॉम. एकीकडं जमा झालं की दुसरीकडं नावे पडलंच पाहिजे, हा संस्कार मुंजीनंतरचा सर्वांत मोठा. तो सुट्टीच्या दिवशीही सुटत नाही.

२१ मार्च २०२३ ला, म्हणजे गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी, मुंबई-ठाण्याकडं चैत्राची वाट न बघता पाऊस कोसळला. मी नैमित्तिक रजा टाकून एका पक्षीवेड्या स्नेह्याबरोबर भिवंडी तालुक्यात दिघाशीकडं गेलो होतो. पावसात पक्षी कुठले दिसणार, असं मला वाटत होतं. पण सर जरा थांबली आणि जमिनीतून पंखवाल्या वाळवीचे लोटच्या लोट वर आले. मुंगीला पंख फुटणं म्हणजे काय ते म्हणीत वाचलं होतं, इथं डोळ्यांनी पाहिलं. तारेवर कोतवाल बसलेच होते. दुभंगलेल्या शेपटीचा एक झोका, चोचीत वाळवी, परत तार. शेजारी वेडे राघू. नाव वेडा, पण नेम चुकेल तर शपथ. पंगत काय रंगली होती! स्नेही दुर्बिणीला डोळे लावून "वा, काय पाऊस! क्या बात है!" असं ओरडत होता.

दहा पावलांवर वीटभट्टी होती. उन्हात वाळत घातलेल्या कच्च्या विटांच्या ओळी होत्या, म्हणजे सकाळपर्यंत होत्या. आता कडा विरघळून त्यांचा चिखल चालला होता. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं उचल घेऊन अशा भट्ट्यांवर येतात ती पाऊस लागेपर्यंत राहतात. मजुरी हजार विटांमागं. विरघळलेली वीट कोणत्या हजारात मोजायची?

स्नेह्याला मी हे बोललो. तो म्हणाला, "अरे, पाऊस आपण पाडला का? मग आनंद मानायला काय हरकत?" मुद्दा बिनतोड होता. मी दुर्बीण खाली ठेवल्यानं एकही वीट परत उभी राहणार नव्हती. आणि उगाच तोंड पाडून उभं राहणं म्हणजे खात्यात पैसे नसताना चेक देणं. घेणाऱ्याला तेवढाच जास्तीचा हेलपाटा. उद्या कोतवालानंही वाळवीचा विचार करायचा ठरवला, तर तो उपाशी मरेल आणि वाळवी आपली घरं खाईल. हे सगळं मला पटतं. तरीसुद्धा विटा विरघळत असताना त्यांच्यासमोर "वा, काय पाऊस" म्हणायचं, तर आवाज जरा बेताचा असावा, असं माझं मत आहे. याला शास्त्राधार विचारू नका. लग्नघराशेजारी मयत झालं तर बँडवाले गल्ली ओलांडेपर्यंत वाजवायचं थांबतात. त्यांना तरी कुणी नीतिशास्त्र शिकवलंय?

भट्टीवर एक मावशी नि तिचा पोरगा काळं प्लास्टिक ओढत होते. वारा ते उडवत होता. तिनं आमच्याकडं, मग तारेकडं पाहिलं.

"काय बघता हो एवढं?"

"कोतवाल," स्नेही म्हणाला. आवाज आपोआप खाली आला होता.

"तो तर रोजच असतो इथं. ते टोक धरा जरा, भाऊ."

आम्ही दोघांनी टोक धरलं. पोरानं त्यावर दगड ठेवला, आणि मग पुढच्या ओळीकडं बोट दाखवलं.