वळणानंतरचा इंडिकेटर

माझ्या जुन्या मारुती ८००चा इंडिकेटर वर्षभर आपणहून बंद होत नव्हता. वळण संपून स्टिअरिंग सरळ होताना आतला कॅम स्विचमधल्या प्लास्टिकच्या जिभलीला ढकलतो आणि दांडी मधे येते. ती जिभली झिजून तुटली होती. मी दांडी हाताने मागे घ्यायची सवय लावून घेतली. बहुतेक वेळा लक्षात राही.

एकदा राहिले नाही. वडोदऱ्यात डावीकडे वळून मी हमरस्त्याला लागले होते, डावा दिवा तसाच लुकलुकत होता. पुढच्या गल्लीच्या तोंडाशी थांबलेल्या स्कूटरवाल्याने तो पाहिला, ही गाडी आत वळणार असे धरले आणि बाहेर आला. मी करकचून ब्रेक लावले, तो मात्र आडवा झाला. कोपर खरचटले, टोमॅटो रस्त्यावर पसरले. गाडीतून उतरण्याआधी मी दांडी मागे घेतली. तो उठून म्हणाला, "सॉरी बेन, मारी भूल." मी म्हणाले, "कंई वांधो नहीं."

खोटेपणा इराद्यावर ठरतो, असे संत ऑगस्टीनने म्हटले आहे. त्या हिशेबाने माझा इंडिकेटर खोटे बोलला नाही, नुसता चुकला. पण गल्लीच्या तोंडाशी उभ्या माणसाला माझा इरादा कुठे दिसतो? त्याच्यापुढे फक्त दिवा होता. अनुवादातही मूळ न वाचणाऱ्यापाशी आमच्या वाक्यापलीकडे काही नसते, तो त्यावरच विसंबतो. (हायवेवर काही ट्रकवाले उजवा इंडिकेटर देऊन मागच्याला 'जा पुढे' म्हणतात. नियमात त्याच दिव्याचा अर्थ 'मी उजवीकडे वळतोय'. चुकीचे भाषांतर तिथे जिवावर बेतते.) बल्ब गेला की फ्लॅशरची टिकटिक जलद होते, म्हणजे गाडी स्वतःचे तेवढे दुखणे सांगते. खोटा इशारा मात्र खऱ्याच लयीत चालतो.

युधिष्ठिराचा रथ जमिनीच्या चार बोटे वरून चालत असे. द्रोणांना ते अर्धे सत्य सांगितल्यावर तो खाली टेकला. मी इंडिकेटरपाशी ही गोष्ट लावून पाहिली, बसली नाही. दांडी मागे घेतलेल्या हाताशी लावली, तेव्हा नीट बसली. तिथे इरादा होता.

पुढच्या आठवड्यात स्विच बदलला. जिभली तुटली तरी दिवे, वायपर, इंडिकेटर असा अख्खा संच घ्यावा लागतो. मेकॅनिकने बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवली, हॉर्नचे पॅड उपसले, पुन्हा सरळ बसावे म्हणून स्टिअरिंग आणि दांड्यावर खडूची एक रेघ ओढली. मधला नट त्याने पूर्ण काढला नाही. दोन-चार आटे ठेवूनच स्टिअरिंग हिसडले, नाहीतर ते सुटून थेट तोंडावर बसते. सगळे परत जोडल्यावर चाक फिरवून सरळ केले. कट् करून दांडी मधे आली.

"वर्षभर अशीच चालवलीत? आवाज येत नव्हता?" त्याने विचारले.

"येत होता," मी म्हणाले.

त्या स्कूटरवाल्याला मी नंतर एकदा भाजीच्या लारीपाशी पाहिले. त्याने ओळखून मान हलवली. मी पाव किलो भेंडी घेतली आणि सुट्ट्या पैशांची वाट न पाहता निघाले.