तीन वेळा स्टार

क्रांती चौकातून पैठण गेटकडे वळताना एका जिन्याखाली मामांचं दुकान आहे. नव्वदच्या दशकात तिथे एसटीडी-पीसीओचा पिवळा बोर्ड होता. रात्री अकरानंतर पाव दर लागायचा, तेव्हा रांग पार फुटपाथपर्यंत यायची. पुढे मोबाइल आले, बूथ बसले. मामांनी काचेची केबिन मोडीत काढली आणि इंटरनेट फोनच्या कामाला लागले.

चौकातल्या एका बियाण्यांच्या ठोक व्यापाऱ्याचं काम त्यांच्याकडे होतं. पेढी इथे, गोदामं सिल्लोड, कन्नड, पैठण, गंगापूर आणि वैजापूरला. प्रत्येक गोदामात ग्रँडस्ट्रीमचा एचटी ८०१ अडॅप्टर. मुठीत मावेल एवढी डबी. एका तोंडाला राउटरची केबल, दुसऱ्याला साध्या फोनची पिन. पेढीतून एक्स्टेन्शन फिरवलं की सिल्लोडची घंटी वाजायची. मोबाइल असताना हे कशाला, असं कुणी विचारलं की शेटजींचं उत्तर ठरलेलं: मोबाइल माणसाबरोबर नोकरी सोडून जातो, हा फोन गोदामातच राहतो.

मामांची एक खोड होती. डबी बसवून झाली तरी ते तासभर हलायचे नाहीत. तिथे जो कुणी असेल, वॉचमन, हमाल, झाडझूड करणाऱ्या मावशी, त्याच्याबरोबर चहा घ्यायचे आणि त्याच्या हाताने फोनवर तीन वेळा स्टार दाबवून घ्यायचे. डबीतली बाई इंग्रजीत बोलायला लागली की शून्य-दोन. मग ती डबीचा आयपी पत्ता वाचून दाखवते. डबीच्या पाठीवर छापलेला एमएसी पत्ता फोनच्या बटणांच्या भाषेत मांडून मामा भिंतीवर चिकटवायचे. त्यात ए म्हणजे दोनचं बटण दोनदा, बी म्हणजे तीनदा, सी म्हणजे चारदा. वाचणाऱ्याला फक्त आकडे यायला हवेत.

उस्मानपुऱ्याच्या पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा करून आलेला पोरगा हे बघून हसायचा. “मामा, मावशींना आयपी शिकवून काय करणार? मी सगळं इथून बघतो.”

“बघशील रे,” मामा म्हणायचे. “ते बघू देईल तोवर.”

पोरगा खोटं बोलत नव्हता. त्याने दुकानात सर्व्हर लावला होता. प्रत्येक अडॅप्टर ठरावीक वेळाने तिथे येऊन आपल्या नावाची फाईल विचारायचा आणि तिच्यात लिहिलं असेल तसं वागायचा. एका पासवर्डसाठी कन्नडची फेरी मारणं आता कुणालाच परवडत नाही, हे मामांनाही मान्य होतं. वैजापूरचा अडॅप्टर पोराने एकट्यानेच बसवला. केबल खोचली, दिवा लागला, दहा मिनिटांत गाडीला किक.

मृग लागला. पहिला पाऊस पडला त्याच रात्री पोराने पाचही फाईली बदलल्या. हेतू चांगलाच होता, पासवर्ड अवघड करायचे होते. जाता जाता त्याने आणखी एक केलं. सर्व्हरचा पत्ता अडॅप्टरला राउटरकडूनही मिळावा म्हणून मामांनी प्रत्येक ठिकाणी ऑप्शन ६६ ची सोय केली होती. पोराने नव्या फाईलीत ती बंद केली. दोन ठिकाणचे पत्ते कशाला, एक बास. आणि जो एक ठेवला, ज्यावरून फोनही जोडले जायचे, त्यात टाइप करताना एक अक्षर गळलं.

पहाटेपर्यंत पाचही डब्यांनी आज्ञाधारकपणे फाईल उचलली. पुढच्या खेपेला त्या अशा सर्व्हरच्या शोधात निघाल्या, जो जगात कुठेच नव्हता. पोराने सकाळी फाईल दुरुस्त केली, पण ती न्यायला कोण येणार? शेटजींचा फोन आला तेव्हा पेढीवर कपाशीचं बियाणं मागणाऱ्यांची गर्दी होती आणि कुठल्या गोदामात किती पाकिटं शिल्लक आहेत, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

पोराने गाडीची किल्ली उचलली. मामांनी गोदामवार नाव-नंबरांची वही उघडली. “बस खाली. सिल्लोडच्या मावशींना लाव, मोबाइलवर.”

“मावशी, मी मामांच्या दुकानातून बोलतोय. गोदामातला फोन उचला आणि तीन वेळा स्टार दाबा.”

“दाबले. बाई बोलायली.”

“आता नऊ-नऊ. मग भिंतीवरचा कागद बघून सगळे आकडे, सावकाश.”

“मामांनी लावलेला ना? थांब बाबा, चष्मा घेते.”

फोनला नेट नसलं तरी ही बाई बोलते, कारण ती डबीतच असते. मावशींनी एकेक आकडा मोठ्याने म्हणत दाबला. पंधराएक सेकंदांनी डबी आपणहून बंद पडली आणि कारखान्यातून आली तशी कोरी होऊन उठली. कोरी डबी राउटरलाच पत्ता विचारते. तिला मामांनी राउटरमध्ये ठेवलेला पत्ता मिळाला, दुरुस्त फाईल मिळाली, आणि पोराच्या पडद्यावर सिल्लोडपुढे ‘रजिस्टर्ड’ उमटलं. पाठोपाठ कन्नडचा वॉचमन, पैठणचा हमाल, गंगापूरचा कारकून.

“आता वैजापूर,” मामा म्हणाले.

वहीत वैजापूरच्या ओळीत नाव नव्हतं. भिंतीवर कागदही नव्हता. पोरगा भर पावसात गाडीवर गेला. गोदामाला कुलूप होतं; किल्ली कुणाकडे असते हे शोधण्यात दुपार झाली. काम मात्र पाच मिनिटांचंच निघालं.

नवी फाईल आता आधी दुकानातल्या एकाच अडॅप्टरवर जाते, तिथे एक रात्र काढते, मगच गोदामांकडे. ऑप्शन ६६ पुन्हा चालू आहे. वहीत वैजापूरच्या ओळीत तिथल्या दिवाणजींचं नाव आणि मोबाइल नंबर आहे, पोराच्या अक्षरात. त्या दिवशी तो तिथून रात्री नऊला परतला. पाच मिनिटांचं काम झाल्यावरही तासभर थांबला होता.