ओवी कुणाची?

सामान्य माणसाला व्यक्त होण्याचं साधन पहिल्यांदा मोबाइलने दिलं, असं हल्ली परिसंवादांतून सर्रास सांगितलं जातं आणि समोरचे माना डोलावतात. दुसरं एक मत बरंच जुनं आहे, साहित्याच्या दरबारातलं. रांगोळी, गोधडी, ओवी हे सगळं पूर्वापार चालत आलेलं. तिथे बाई फक्त गिरवते, तिचं स्वतःचं त्यात काही नसतं, असं ते मत. वरवर पाहता दोघांचं एकमेकांशी जमू नये. पण दोन्ही मतं एकच गोष्ट धरून चालतात: ज्यांनी लिहिलं नाही, त्यांच्यापाशी सांगण्यासारखंही काही नव्हतं.

निदान महाराष्ट्रात तरी हे कुणी म्हणू नये. इथे जात्यावर गायलेल्या एक लाखाहून अधिक ओव्या उलट साक्ष देतात.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी हजाराहून अधिक गावांतल्या तीन हजारांवर बायकांकडून या ओव्या जमवल्या. पॉइटवाँ मूळचे फ्रान्सचे. पुण्यात आले, इथलेच झाले, भारताचं नागरिकत्व घेतलं. डोंगरी भागातल्या गरिबांची संघटना बांधताना या दोघांना ओवी भेटली. जमवण्याच्या कामात त्याच डोंगरातल्या कार्यकर्त्या बायका होत्या, ही गोष्ट फार मोलाची. पुढे बर्नार्ड बेल यांच्या मदतीने कित्येक गळे ध्वनिमुद्रित झाले, आणि २०१७पासून हा संग्रह ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संकेतस्थळावर कुणालाही वाचता-ऐकता येतो.

गिरवणं म्हणजे काय, हे जात्याशीच पाहावं. समोरासमोर दोघी बसलेल्या, खुंट्यावर दोघींचे हात. एकीचा मोकळा हात मधूनमधून जात्याच्या तोंडात धान्याची वैरण घालतो. वैरण जास्त पडली तर पीठ भरड येतं, कमी पडली तर दगडावर दगड घासतो. हाताला हे सगळं सांभाळायचं असतानाच एक जण पहिली ओळ उचलते, दुसरी तिला साथ देते, आणि ओळ घोळवली जात असताना दुसऱ्या ओळीचं यमक जुळवलं जातं. अक्षरांची मोजदाद इथे नाही. ओळ फेऱ्याला पुरी पडली नाही तर गाणारी मध्ये ‘बाई’ घालते, ‘सांगते’ घालते, एखादा शब्द लांबवते. भावाचं नाव तिच्या भावाचं, गाव तिच्या माहेरचं. चाल आईकडून आलेली, कधी अर्धी ओळही आईचीच. उरलेली अर्धी मात्र तिला त्या पहाटे स्वतःलाच जुळवावी लागते.

हे गिरवणं असेल, तर ठरलेल्या रागात नवी जागा घेणारा गवईही गिरवतोच म्हणायचं.

पॉइटवाँ यांनी ओवीकडे लोककलेचा नमुना म्हणून पाहिलं नाही. पुरुषांच्या माघारी, पहाटेच्या अंधारात बायकांनी एकमेकींशी केलेलं बोलणं म्हणून पाहिलं, आणि त्या बोलण्याला विचाराचा मान दिला. आपल्याकडे ओवी म्हटलं की माहेर, भाऊराया आणि पंढरी एवढंच आठवतं. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या मायेने जमवल्या, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्याला आयुष्य दिलं, हे ऋण मोठंच आहे. पण पाठ्यपुस्तकांपर्यंत येता येता त्यातला गोडवा तेवढा उरला. राईरकर-पॉइटवाँ यांच्या संग्रहात बाईच्या जन्मालाच जाब विचारणारी ओवी आहे, सासरच्या माराची आहे, सीतेच्या वनवासात स्वतःचा वनवास ओळखणारी आहे. जात्यालाच ऋषी मानून त्याच्यापाशी मन मोकळं करणारीही आहे. आणि १९९६ साली माजलगावात ध्वनिमुद्रित झालेल्या ओव्यांमध्ये, जिथे राम किंवा विठ्ठल यायचा, तिथे बाबासाहेब आंबेडकर आले आहेत. चाल तीच, दळणही तेच. दैवत मात्र त्या बायकांनी स्वतः निवडलेलं. परंपरेत निवड नसते म्हणणाऱ्यांनी या एकाच गोष्टीचं उत्तर द्यावं.

इथे हमखास बहिणाबाई चौधरींचं नाव पुढे केलं जातं, तेही अपवाद म्हणून. त्यांच्या प्रतिभेविषयी वादच नाही. परंतु ती आपल्यापर्यंत पोचली कशी? मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता. घरात गाणी टिपून ठेवली गेली, ती आचार्य अत्र्यांच्या हाती पडली, आणि १९५२मध्ये, बहिणाबाई गेल्यावर, पुस्तक निघालं. बहिणाबाईंच्या आसोद्याच्या आसपास त्याच काळात आणखी किती जणी गात होत्या, कोण सांगणार? सगळ्या काही बहिणाबाई नव्हत्या. तरीही ज्या भाषेत त्या रचत होत्या, ती भाषा हजारो जात्यांवर रोज घडत होती.

मात्र ओवीची बाजू घेणाऱ्यालाही पुढे एक अवघड गोष्ट कबूल करावी लागते. विजेची गिरणी गावात आली आणि बायकांनी जातं सोडलं; आनंदाने सोडलं. सबंध घराचं पीठ पहाटे उठून ओढायचं, मग पाणी, मग शेत. खांदे भरून यायचे. त्या कष्टातून गाणं आलं म्हणून ते कष्ट पवित्र होत नाहीत, आणि शहरात बसून जात्यासाठी हळहळणाऱ्यांना तसा हक्कही नाही. मोबाइललाही त्याचं श्रेय द्यायला हवं. घराच्या उंबऱ्याबाहेरचा ऐकणारा त्याने गावातल्या बाईला मिळवून दिला, हे खरंच आहे. चूक आहे ते त्याच्याआधी सगळं मुकं होतं असं समजण्यात.

गिरणीने वाचवलेला वेळ गेला कुठे, हा खरा प्रश्न आहे. सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला २८९ मिनिटं घालवते. घरकामाला हात लावणारा पुरुष ८८ मिनिटं. जात्यावर निदान काम आणि गाणं एकाच वेळी चालत होतं, शेजारी ऐकणारी होती. आताचं काम बहुतेक एकटीचं. सामान्य माणसाच्या अभिव्यक्तीवर भाषणं करणाऱ्यांनी या दोन आकड्यांपासून सुरुवात करावी.

ज्यांनी स्वतः जातं ओढलं, त्या बायका आता म्हाताऱ्या झाल्या आहेत. दिवाळीला गावी जाल तेव्हा घरात, शेजारी अशी कुणी असेल तर तिच्यापाशी बसा. ओवी विचारा, ती कुणाकडून आली ते विचारा, आणि तिची हरकत नसेल तर खाली तिचं नाव आणि गाव लिहून ठेवा. तेवढा वेळ तिच्या हातातलं काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करावं.