मागे राहिलेली रेघ

शास्त्रवाचन : नीतिसूत्रे ३०:१८-२०, लूक १९:१-१०, १ तीमथ्य ५:२४, २५



नीतिसूत्रांच्या तिसाव्या अध्यायात आगूर नावाचा ज्ञानी पुरुष चार गोष्टींचे नवल करतो. त्यांतील पहिली गोष्ट म्हणजे आकाशात उडणाऱ्या गरुडाचा मार्ग. बैलगाडी गेली तर चाकोरी उमटते, शेळी गेली तर खूर उमटतात. पण गरुड निघून गेल्यावर आकाशात काहीच उरत नाही. तो कोठून आला व कोठे गेला हे कोणास सांगता येत नाही. लगेच पुढच्या वचनात आगूर एका व्यभिचारी स्त्रीविषयी बोलतो. जेवण झाल्यावर तोंड पुसावे तसे ती तोंड पुसते आणि आपण काही वाईट केलेच नाही असे म्हणते. या दोन वचनांचा शेजार विचार करण्याजोगा आहे. आपल्या मागे काही माग राहत नाही असे ज्याला वाटते, त्याला पापाचे भयही राहत नाही. हे स्त्रीला जितके लागू आहे तितकेच पुरुषाला लागू आहे.

आगुराने विमान पाहिले नव्हते. आज बिदरजवळच्या कमठाण्यात तुरीच्या शेतात उभे राहिले, तर एखाद्या दिवशी निळ्या आकाशात खडूने ओढावी तशी पांढरी रेघ उमटताना दिसते. मुले आवाजाच्या दिशेने पाहतात, पण विमान तेथे नसतेच. दहा किलोमीटर उंचीवरचा आवाज खाली पोहोचण्यास सुमारे अर्धा मिनिट लागतो. तेवढ्यात विमान सातआठ किलोमीटर पुढे गेलेले असते. कलबुर्गीच्या दिशेने जाणारे विमान सहासात मिनिटांत कलबुर्गीवर पोहोचते. आतल्या प्रवाशांचा चहादेखील संपत नाही. रेघ मात्र कमठाण्याच्या डोक्यावर असते, आणि ती पाहतात शेतातली माणसे.

ही रेघ कशी होते? विमानाचे इंधन हा शुद्ध केलेल्या रॉकेलचाच एक प्रकार आहे. ते जळाले की धुराबरोबर पाण्याची वाफही तयार होते. एक किलो इंधन जळाले तर सुमारे सव्वा किलो पाणी होते, कारण जळताना हवेतला प्राणवायू त्यात मिसळतो. वर शून्याखाली चाळीस अंश किंवा त्याहून अधिक थंडी असली, म्हणजे ही वाफ काजळीच्या सूक्ष्म कणांभोवती गोठते व तिचे बर्फाचे बारीक कण होतात. आपल्या दख्खनवर इतकी थंडी साधारण दहा किलोमीटर उंचीवर लागते. म्हणूनच खालून जाणारी लहान पंख्याची विमाने अशी रेघ ओढीत नाहीत. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रेघ इंजिनाला चिकटून सुरू होत नाही. तप्त वायू निवण्यास थोडा अवकाश लागतो, म्हणून मध्ये काही अंतर रिकामे राहते. इंजिनाजवळ पाहणाऱ्यास वाटेल की येथे तर काहीच नाही.

कलबुर्गीचा विमानतळ २२ नोव्हेंबर २०१९ रोजी सुरू झाला व बिदरची प्रवासी सेवा ७ फेब्रुवारी २०२० रोजी. ज्या गावांतील वडीलधाऱ्यांनी बिदरचा बाजार पायी केला, त्यांची नातवंडे आज नोकरीनिमित्त विमानात बसतात. यात देवाचे आभार मानण्याजोगे पुष्कळ आहे. पण खिडकीशी बसलेल्या त्या प्रवाशाला समोरचे आकाश दिसते, खालचे ढग दिसतात, पंख दिसतो; आपल्याच विमानाची रेघ मात्र सहसा दिसत नाही, कारण ती मागे असते. ती दिसण्याचे दोनतीनच प्रसंग. आसन पंखाच्या बरेच मागे असून मान वळवून पाहिले तर तिचा आरंभ दिसतो. सूर्य विरुद्ध बाजूस असला तर तिची काळी सावली खालच्या ढगांवर धावताना दिसते. आणि विमानाने मोठे वळण घेतले, म्हणजे आपण आताच जेथून आलो तेथे ओढलेली आपली रेघ एकाएकी डोळ्यांपुढे येते.

यातून आम्हांस तीन गोष्टी सांगावयाच्या आहेत.

पहिली ही, की आपण जे दाखवितो ते वेगळे आणि आपल्या मागे जे राहते ते वेगळे. बिदरच्या लोकांना ‘सूर्यकिरण’ हे नाव सांगावयास नको. वायुदलाचे हे कसरतपथक १९९६ साली बिदर येथेच स्थापन झाले. त्यांची विमाने आकाशात धुराचे पट्टे काढतात तेव्हा पाहणाऱ्यांची मान दुखली तरी खाली होत नाही. पण तो धूर आपोआप निघत नाही. तप्त वायूच्या झोतात डिझेल सोडले म्हणजे धूर होतो, व तो केव्हा सुरू करावा आणि केव्हा बंद करावा हे वैमानिकाच्या हाती असते. कसरतीसाठी हे योग्यच आहे. परंतु आपले ख्रिस्ती जीवनही पुष्कळदा तसेच होऊन बसते. रविवारी उपासनेत, साक्षीच्या सभेत, पाळकसाहेब घरी आले असता आपण कळ दाबतो आणि सुंदर पट्टा उमटतो. सोमवारी कळ बंद. पण दुसरी रेघ, जिची कळ आपल्या हाती नाही, ती चालूच असते. मजुराला संध्याकाळी दिलेले किंवा न दिलेले पैसे, सुनेशी स्वयंपाकघरात बोललेला शब्द, बांध कोरून घेतलेले वीतभर रान, यांची ती रेघ असते. पौल तीमथ्याला लिहितो की, काहींची पापे उघड असून त्यांच्यापुढे न्यायासनाकडे जातात, तर काहींची मागाहून येतात. हे ‘मागाहून’ आपण विसरतो. कृत्य व परिणाम यांच्यामध्ये जे रिकामे अंतर असते, त्यालाच आपण क्षमा समजून बसतो.

विमानाच्या खिडकीतून कधीकधी आणखी एक चमत्कार दिसतो. खालच्या ढगांवर विमानाची सावली पडते व तिच्याभोवती सप्तरंगी कडे दिसते. ते कडे पाहणाऱ्याच्या सावलीभोवती पडते, म्हणजे पुढे बसणाऱ्यास ते विमानाच्या पुढच्या भागाभोवती व मागे बसणाऱ्यास मागच्या भागाभोवती दिसते. प्रत्येकाला वाटते, तेजोवलय माझ्याच जागेभोवती आहे! मंडळीच्या भांडणांत नेमके हेच घडते. बंधुजनहो, ते कडे पाहताना त्याच ढगावर आपल्याच मागे धावणारी काळी रेघही पाहावी.

दुसरी गोष्ट ही, की आपली रेघ वळल्यावर दिसते. जुन्या करारात पश्चात्तापासाठी जो इब्री शब्द येतो त्याचा मूळ अर्थच वळणे, परत फिरणे असा आहे. यरीहोच्या जक्कयाचे पाहा. तो उंबराच्या झाडावर उंच चढून बसला होता. इतकी वर्षे जकात गोळा करताना त्याच्या मागे किती घरे रडली, हे त्याने वळून पाहिले नव्हते. प्रभू येशूने त्याला खाली बोलाविले. प्रभूने त्याच्या हिशेबाची वही मागितली नाही. आज मला तुझ्या घरी उतरावयाचे आहे, एवढेच सांगितले. कृपा आधी आली, आणि त्या कृपेने जक्कय वळला. वळताच त्याला ती सारी माणसे दिसली, ज्यांचे त्याने अन्यायाने घेतले होते. अर्धी मालमत्ता गरिबांस व ज्याचे लुबाडले त्यास चौपट, असे तो उभा राहून सर्वांसमोर बोलला.

येथे कोणी म्हणेल, मागचे विसरून पुढे धावावे असे पौल फिलिप्पैकरांस लिहितो ना? होय, लिहितो. पण तोच पौल तीमथ्याला लिहिताना आपण मंडळीचा छळ करणारे होतो हे स्पष्ट नमूद करतो. त्याने आपली रेघ पाहिली होती, तिच्याकडे बोट दाखविले होते, आणि मग ती प्रभूच्या हाती सोपवून तो पुढे धावला. न पाहताच पुढे धावणे म्हणजे विसरणे नव्हे, ते पळणे होय.

एक उदाहरण घेऊ. दोघे भाऊ आहेत. धाकटा शिकून पुण्यास गेला, तेथे स्थिरावला. वडिलांच्या आजारात मोठ्याने गावी रान गहाण टाकले, धाकट्याला कळविले. त्याने पुढच्या महिन्यात पाहू असे उत्तर दिले. तो पुढचा महिना आलाच नाही. वडील गेले. आता धाकटा नाताळात मोटारीने येतो, मंडळीला देणगी देतो, आणि दोघे भाऊ एकमेकांशी न बोलता प्रभुभोजनाच्या एकाच मेजाशी गुडघे टेकतात. धाकटा दुष्ट नाही. तो वेगाने पुढे गेला, एवढेच. असे घर कमठाण्यातही असू शकेल आणि उदगीरलाही. अशा बंधूस आम्ही प्रेमाने विचारतो : भाऊराया, या नाताळात देणगीच्या पाकिटाआधी गहाणखताचा कागद मागून पाहाल काय?

तिसरी गोष्ट विशेषेकरून आमच्या शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी आहे. एकाच विमानाची रेघ एका ठिकाणी क्षणात विरते व दुसऱ्या ठिकाणी तासन्‌तास टिकते. वरची हवा कोरडी असेल तर ती नाहीशी होते. हवा थंड आणि आर्द्रतेने भरलेली असेल तर ती टिकते, रुंदावते व शेवटी पातळ ढगासारखी पसरते. असा ढग दिवसा थोडे ऊन परत पाठवितो खरा, पण जमिनीची उष्णताही तो वर जाऊ देत नाही. रात्री तर तो पांघरुणासारखा काम करतो. शास्त्रज्ञांच्या मते एकंदरीत त्याने पृथ्वीची उष्णता वाढते. खालून जी रेघ शोभिवंत दिसते, तिचा ताप खालच्यांनाच होतो.

बालकांची मने अशीच भरलेली हवा आहेत. मोठ्या माणसास बोललेला कठोर शब्द कदाचित विरून जाईल, पण लेकराच्या मनात तो पसरतो. आमच्या सीमाभागातील मूल घरी मराठी बोलते, शाळेत कानडी शिकते, बाजारात दखनी ऐकते. असे मूल वचन पाठ म्हणताना अडखळले, दोन भाषांचे शब्द मिसळले, आणि शिक्षक सर्वांदेखत हसले, तर शिक्षक त्या दुपारीच विसरतील. मूल पुढच्या रविवारी पोट दुखते म्हणेल, त्याच्या पुढच्या रविवारी आजोळी जाईल, आणि पुढे हजेरीपटावर त्याचे नाव राहणार नाही. पण चांगल्या रेघेचेही असेच आहे. पौल तीमथ्याला हेही सांगतो की, सत्कृत्ये आज उघड नसली तरी ती झाकून राहत नाहीत. या बिदर भागात मेथडिस्ट मिशनच्या काळात ज्या बायबल स्त्रिया गावोगाव पायी हिंडल्या, त्यांतील पुष्कळांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. त्यांनी एखाद्या ओसरीवर बसून दोनचार बायामुलांस येशूची गोष्ट सांगितली, पाणी प्यायल्या आणि पुढच्या गावी गेल्या. पुढे काय झाले ते त्यांनी पाहिले नाही. आम्ही आज पाहतो आहोत. आपल्यांतील कित्येक घराणी त्या रेघेखालीच वाढली.

आता शेवटचा प्रश्न उरतो. जी वाईट रेघ ओढली गेली ती पुसावी कशी? विमान मागे फिरून आपली रेघ पुसू शकत नाही. फिरले तर दुसरी रेघ ओढील. आपणही आपल्या हाताने आपले पाप पुसू शकत नाही. ते काम देवाचे आहे. यशया संदेष्ट्याच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायात देव आपल्या लोकांस सांगतो की, त्याने त्यांचे अपराध ढगासारखे, धुक्यासारखे पुसून टाकले आहेत व आता त्यांनी त्याच्याकडे परत फिरावे. वधस्तंभावर प्रभू येशूने त्याची किंमत भरली आहे. परंतु देवाने दोष पुसला म्हणून शेजाऱ्याचे देणे फिटले असे होत नाही. जक्कयाला तारण फुकट मिळाले. चौपट मात्र त्याने आपल्या थैलीतून दिले. जो म्हणतो की देवाने मला क्षमा केली, आता भावाशी काय बोलायचे, तो पुन्हा तोंड पुसून बसला आहे.

म्हणून या महिन्यात प्रत्येक कुटुंबाने एका संध्याकाळी, कौटुंबिक उपासनेनंतर, थोडे वळून पाहावे. कोणाचे आपल्याकडे येणे नव्हे, तर कोणाला आपले देणे आहे ते आठवावे. पैशाचे असेल, शब्दाचे असेल, भेटीचे असेल. एक नाव निवडावे. त्याच्याकडे जावे, किंवा फोन करावा, किंवा पत्र लिहावे. शिक्षकांनी आपला जुना हजेरीपट काढावा, आणि जे नाव मध्येच थांबले आहे त्या लेकराच्या घरी जावे. ते लेकरू आता मोठे झाले असले तरीही जावे.

प्रार्थना : हे दयाळू पित्या, आम्ही वेगाने पुढे गेलो आणि मागे काय राहिले ते पाहिले नाही. तू आम्हांस वळव, म्हणजे आम्ही वळू. आमचे दोष पुसून टाक, आणि ज्यांचे आम्ही देणे लागतो त्यांच्या दाराशी जाण्याचे धैर्य आम्हांस दे. आमच्या मागे येणाऱ्या लेकरांवर आमची नव्हे, तुझी छाया असो. येशूच्या नावाने मागतो. आमेन.